मदत हवी आहे: एलिट डेंजरसमध्ये बाउंटी हंटिंग जमून नाही राहिलं

नमस्कार राजेहो, मी नागपूरहून. दोन महिन्यांपासून एलिट डेंजरस हा अंतराळ जहाजांचा व्हिडिओ गेम खेळून राहिलो, व्यापार जमला पण बाउंटी हंटिंगमध्ये, म्हणजे इनाम लागलेल्या गुन्हेगारांची जहाजं मारण्यात, पार अडकलो. जहाज व्हायपर मार्क थ्री आहे, दोन मीडियम जागांवर गिंबल्ड (टार्गेटकडे आपोआप वळणारे) पल्स लेझर अन् दोन छोट्यांवर मल्टीकॅनन, म्हणजे शील्ड लेझरनं पाडायची अन् हल (जहाजाचा सांगाडा) गोळ्यांनी फोडायचा असा हिशोब. लहान पायरेट आरामात मारतो.

पण काल रात्री हाय रेझमध्ये (खाणकामाची जागा, जिथं पायरेट जास्त असतात) एका मोठ्या जहाजाच्या, अ‍ॅनाकोंडाच्या मागे लागलो, त्याची शील्ड संपत आली होती अन् तेवढ्यात बाजूनं एक जहाज मधात आलं, मी स्कॅन पूर्ण व्हायच्या आधीच त्याच्यावर ट्रिगर दाबला, ते वाँटेड नव्हतंच, मग पोलीस माझ्याच मागे. जहाज गेलं, रिबाय (जहाज परत मिळवायची रक्कम) भरला, अन् स्टेशनवर जमा न केलेले सगळे बाउंटी व्हाउचर (कमावलेल्या इनामाच्या पावत्या) पण गेले. लय वाईट वाटलं. इकडे कूलरच्या आवाजात शील्ड गेल्याची सूचनाही ऐकू नाही आली, आता हेडफोन लावतो.

तर सांगा भाऊ, लढताना पिप्स (सिस्टम्स, इंजिन अन् वेपन्समध्ये वीज वाटायचे ठोकळे) कसे बदलता? मी चार वेपन्सला ठेवतो, पण मार पडायला लागला की सिस्टम्सकडे (म्हणजे शील्डकडे) वळवायला उशीर होते. अ‍ॅनाकोंडाचं पॉवर प्लांट टार्गेट करायचं की सरळ हल? समोरचा चाफ (निशाणा भरकटवणारे तुकडे) सोडतो तेव्हा गिंबल भरकटते, तर एखादं लेझर फिक्स्ड (आपोआप न वळणारं) घेऊ का? अन् किल वॉरंट स्कॅनर (दुसरीकडे लागलेले इनामही दाखवणारं यंत्र) आता लावू की व्हल्चर हे लढाऊ जहाज घेतल्यावर?