ग्रीसची आडबाजूची बेटं, बोटीनं : तुमचे अनुभव लिहा

सांतोरिनी आणि मिकोनोसवर मराठीत भरपूर लिहून झालंय, त्यामुळे ती दोन्ही या धाग्यात नकोत. एजियन समुद्रात अशी कितीतरी बेटं आहेत जिथं विमानतळ नाही, बडी हॉटेलं नाहीत आणि जायला बोटीशिवाय दुसरा मार्ग नाही. तिकडे गेला असाल तर इथं लिहा. कुठल्या बंदरातून बोट धरलीत, काय खाल्लंत, वाऱ्यानं कुठं अडकवलं, सगळं चालेल. चार ओळी लिहिल्यात तरी चालतील.

सुरुवात मी करते. आम्ही नाक्सोसहून इराक्लिया, स्किनूसा, कूफोनिसी आणि दोनूसा अशी बेटं केली. 'छोटी सिक्लेड्स' म्हणतात त्यांना. नाक्सोस आणि आमोर्गोसच्या मधल्या समुद्रात ती विखुरलेली आहेत आणि 'स्कोपेलितिस' नावाची एक लहानशी बोट त्यांना वर्षभर जोडून ठेवते. आपल्या आडगावात मुक्कामी एसटीला जो मान, तो इथं हिला आहे. धक्क्याला लागली की मागची फळी खाली येते आणि प्रवासी उतरायच्या आत गावकरी शिरून आपापली खोकी उचलतात: टोमॅटो, पाण्याच्या बाटल्या, औषधांचं पुडकं. स्किनूसाला आमच्या मालकीणबाईंनी खलाशाच्या हातात फडक्यात बांधलेला डबा दिला, कूफोनिसीला राहणाऱ्या लेकीसाठी. त्यानं काही न विचारता तो आत नेऊन ठेवला. तिकडे लेक धक्क्यावर उभी होतीच.

कूफोनिसीच्या समोर केरोस आहे. तिथं वस्ती नाही, आणि उत्खननाची जागा असल्यानं आपल्याला उतरता येत नाही. साडेचार हजार वर्षांपूर्वी आसपासच्या बेटांवरचे लोक संगमरवरी मूर्ती मुद्दाम फोडून त्यांचे तुकडे होडीतून इथं आणून पुरत. सापडलेले तुकडे एकमेकांना जुळत नाहीत, म्हणजे मूर्ती फुटल्या दुसरीकडे, असा निष्कर्ष केंब्रिजच्या कॉलिन रेनफ्रू यांच्या चमूनं काढला. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात केरोसला सापडलेला तंतुवाद्य वाजवणारा बैठा माणूस आहे. तो आधी बघा आणि मग या बेटांवर या. बोटीतून केरोस दिसायला लागल्यावर मला दुसरं काही सुचलं नाही.

पुण्याहून

छान धागा, ताई. तुमच्या स्कोपेलितिसनंच आम्ही पुढे आमोर्गोसला गेलो. एक गोष्ट आवर्जून सांगते: आमोर्गोसला दोन बंदरं आहेत, कातापोला आणि एगिआली, आणि ती एकमेकांपासून बरीच लांब आहेत. खोली कुठल्या बाजूला घेतली आहे ते पाहून तिकीट काढा.

होझोविओतिसाचा मठ फोटोत कितीही पाहिलेला असला तरी समोर आल्यावर पाय थबकतात. उभा तांबूस कडा, खाली खोल समुद्र आणि कड्याला चिकटलेली एक पांढरी भिंत. अकराव्या शतकातली वास्तू. आत काही ठिकाणी रुंदी इतकी कमी की समोरून कुणी आलं तर एकानं थांबायचं. चढण पायऱ्यांची आहे आणि सावली नाही, तेव्हा सकाळीच जा. पूर्ण अंगभर कपडे लागतात. दर्शन झाल्यावर एका खोलीत बसवून पाणी, मधाची गोडसर राकी (तिकडची दारू) आणि पिठीसाखरेत घोळलेली लुकुमी नावाची मिठाई देतात. माझ्या सासूबाईंनी राकी नको म्हटलं, तर त्यांच्यापुढे लुकुमीचे दोन तुकडे जास्त आले.

म्युनिकहून

वाऱ्याबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं, म्हणून लिहितो. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी वाहतो. आभाळ निरभ्र असतं, ऊन कडक असतं, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला वादळाची शंकाही येत नाही. समुद्रावर मात्र नजर जाईल तिथवर पांढऱ्या लाटा फुटत असतात. वाऱ्याचा जोर बोफर्ट नावाच्या मापात मोजतात. तो ठरावीक आकड्याच्या पुढे गेला की बंदरातून बोटी सोडायलाच मनाई होते. वेगवान कॅटामरान बोटी आधी थांबतात, गाड्या नेणाऱ्या मोठ्या फेरीबोटी सगळ्यात शेवटी.

आम्ही फोलेगांद्रोसला असे अडकलो. माझ्या मते अडकायला याहून चांगलं बेट नाही. बंदर खाली कारावोस्तासिसला आणि गाव वर, कड्याच्या अगदी टोकाशी. गावात एकाला एक लागून चौक आहेत, झाडांखाली टेबलं मांडलेली. संध्याकाळी पोरं तिथंच चेंडू खेळतात आणि मोठी माणसं खुर्च्या थोड्या बाजूला सरकवून घेतात. मात्साता नावाचा हातानं केलेला पास्ता तिथली खासियत आहे. शाकाहारी असाल तर वरचा रस्सा आधी विचारून घ्या, बहुतेक वेळा तो सशाच्या किंवा कोंबडीच्या मटणाचा असतो.

मनाईमुळे बोट रद्द झाली तर पैसे परत मिळतात किंवा दुसऱ्या दिवसाचं तिकीट मिळतं. विमान मात्र थांबत नाही. म्हणून परतीच्या आदल्या रात्री अथेन्सलाच मुक्काम ठेवा. आणि बेटं निवडताना नकाशावरचं अंतर पाहू नका, बोटीचा मार्ग पाहा. नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन बेटांमध्ये थेट बोट नसेल तर अथेन्सच्या पिरेअस बंदरात परत येऊन पुन्हा निघावं लागतं. सेरिफोस, सिफ्नोस, मिलोस, किमोलोस ही पश्चिमेची रांग एकाच दमात होते. तिच्यात नाक्सोस घुसवू नका.

नाशिकहून, आईवडिलांबरोबर

आम्ही तीच पश्चिमेची रांग केली. आईबाबा दोघंही सत्तरीच्या पुढचे आणि पक्के शाकाहारी, म्हणून घरून निघताना खाकरे-चिवडा-मेतकूट असा पुरवठा घेतला होता. त्यातलं निम्मं परत आलं.

सिफ्नोसला रविवारी दुपारी रेविथादा खायची. काबुली चणे, कांदा, तमालपत्र आणि सढळ ऑलिव्ह तेल एका मातीच्या हंडीत घालून शनिवारी रात्री लाकडाच्या भट्टीत ठेवतात. रविवारी चर्च सुटल्यावर हंड्या निघतात. चणा जिभेवर विरघळतो, वरून लिंबू पिळायचं. सिफ्नोस मुळात कुंभारांचं बेट, त्यामुळे हंडीही तिथलीच. बाबांनी पाव मागवून हंडीचा तळ पुसून काढला.

शिवाय फावा मागा, पिवळ्या डाळीचं घट्ट वरण म्हणा ना. स्किनूसाचा फावा नावाजलेला आहे. भात भरलेले टोमॅटो-मिरच्या, टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे वाल आणि लिंबू-तेल घातलेली रानभाजी बहुतेक खानावळींत मिळते. 'निस्तीसिमो' हा शब्द पाठ करून जा. ऑर्थोडॉक्स उपवासाला चालणारा पदार्थ, म्हणजे त्यात मांस, अंडं, दूध नाही. पण त्यांच्या उपवासाला कोळंबी, माकूळ, ऑक्टोपस चालतात, तेव्हा तेवढं वेगळं विचारायचंच.

बोटीबद्दल: मोठ्या फेरीबोटीत बॅगा खाली गाड्यांच्या मजल्यावर, बेटांची नावं लावलेल्या कप्प्यांत ठेवायच्या. मधल्या बेटावर बोट जेमतेम काही मिनिटं थांबते. घोषणा झाली की लगेच खाली जाऊन बॅगेपाशी उभं राहायचं. आपल्या बेटाचं नाव ग्रीक लिपीत कागदावर लिहून ठेवा, फार उपयोग होतो.

दुबईहून

वेगवान कॅटामरानबद्दल मी जरा कडकच सांगणार. वेळ वाचतो हे खरं, पण बहुतेकींना उघडा डेक नसतो आणि लाटा असल्या की बंद काचांच्या आत माणसं पिशव्या धरून बसतात. मोठ्या बोटीचं डेकचं तिकीट घ्या, स्वस्तही पडतं. बाहेर बाकावर बसून थंड कॉफी पीत बेटं येताना आणि मागे जाताना बघायची, यासाठी तर एवढं लांब जायचं.

तिनोसला शक्य असेल तर १५ ऑगस्टला जा. मरियमचा सण असतो. १८२३ साली सापडलेल्या तसबिरीसाठी संपूर्ण ग्रीसमधून भाविक येतात आणि त्यातले कित्येक बंदरापासून चर्चपर्यंतची चढण गुडघ्यांवर रांगत जातात. रस्त्याच्या कडेनं त्यांच्यासाठी गालिच्याची पट्टी अंथरलेली असते. एक तरुण मुलगी तशी जात होती, शेजारून तिचे वडील पाण्याची बाटली घेऊन चालत होते आणि दर थोड्या वेळानं तिच्या मानेवर ओला हात ठेवत होते. मी बाजूला झालो आणि कॅमेरा आत ठेवला. याच दिवशी १९४० साली बंदरात उभी असलेली 'एली' ही ग्रीक युद्धनौका इटलीच्या पाणबुडीनं बुडवली. त्याचंही स्मरण तिथं होतं. खोल्या फार आधी ठरवाव्या लागतात.

नागपूरहून, निवृत्त भूगोल शिक्षक

सगळे सिक्लेड्स या बेटसमूहाबद्दलच लिहीत आहेत, म्हणून दोदेकानीज या दुसऱ्या बेटसमूहाची बाजू मांडतो. ही बेटं तुर्कस्तानच्या किनाऱ्याला लागून आहेत. कोस बेटावरच्या कार्दामेनाहून निसिरोसला गेलो. जिवंत ज्वालामुखी. स्तेफानोस विवराच्या तळावर उतरून चालता येतं. पायाखालची जमीन गरम, पिवळ्या गंधकाच्या स्फटिकांनी वेढलेल्या भोकांतून वाफ निघत असते. आयुष्यभर फळ्यावर काढलेली आकृती मी पायांनी चाललो, हे समाधान मोठं आहे. दुपारी दिवसाच्या सहलीची गर्दी कोसला परतते, मग मान्द्राकी गाव आपलंच.

तिलोसच्या खार्कादिओ गुहेत खुज्या हत्तींची हाडं सापडली आहेत. बेटावर अडकलेले मोठे प्राणी पिढ्यानपिढ्या लहान होत जातात, त्याचं हे ठळक उदाहरण. याच बेटानं पवनचक्की, सौर पॅनेल आणि बॅटरी यांची सांगड घालून स्वतःची वीज करायला घेतली. कास्तेलोरिझो बेटाहून तुर्कस्तानचा किनारा जेमतेम दोन किलोमीटरवर दिसतो.

अलिबागहून

मी अजून गेलेलो नाही, पण एक जोडतो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणारी आमची रो-रो बोट ग्रीसमध्येच बांधलेली आहे. २०२० मध्ये ती सुरू झाली. आम्हाला एप्रिलमध्ये जायचं आहे, तेव्हा छोट्या बेटांना बोटी मिळतील का?

धागाकर्ती

मिळतील, पण रोज नाही. मोठ्या बेटांना रोज बोट असते, छोट्यांना आठवड्यातले काही दिवस. उन्हाळ्याचं वेळापत्रक लागायच्या आधीचा काळ आहे, त्यामुळे आधी बोटीचे वार पाहा, मग खोली. ऑर्थोडॉक्स ईस्टर एप्रिलमध्ये येत असेल तर त्या आठवड्याची तिकिटं लवकर काढा, कारण सगळं अथेन्स आपापल्या गावी निघालेलं असतं. पहिल्यांदाच जाताय तर अथेन्सजवळच्या लाव्रिओ बंदरातून केआ बेट करून बघा, साधारण तासाभरात पोहोचता. व्हिसासाठी बोटीची तिकिटं लावणार असाल तर तारीख बदलता येणारीच घ्या.