सातबारा आणि बँकेचा उतारा एआयकडून वाचून घेताना गफलत कुठे होते?

खाडीकाठ (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. ग्रामीण पतसंस्थेच्या कर्ज विभागासाठी विचारतोय. महिन्याला चाळीस-पन्नास प्रकरणं येतात. निम्मी आंबा बागायतदारांची, बाकी नौकामालक आणि दुकानदार. प्रत्येकात सातबारे, ८अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा), बारा महिन्यांचा बँकेचा उतारा, कोटेशन, दोन जामीनदारांचे कागद. यावरून कर्ज समितीसाठी दोन पानी टिपण करायचं असतं. त्याचा कच्चा खर्डा चॅटजीपीटी, जेमिनी यांसारख्या मॉडेलकडून करून घ्यावा असं चाललंय. कागद वाचताना ही मॉडेलं नेमकी कुठे चुकतात आणि ती चूक टेबलावरच कशी पकडायची? हप्त्याचा हिशेब त्यांच्यावर सोपवला तर चालेल का?

कलमबाग

सातबाऱ्यापासून सुरुवात करा, सगळ्यात महाग पडणारी चूक तिथेच होते.

२०२० पासूनच्या नव्या नमुन्यात मयत खातेदार, फेडलेला बोजा (जमिनीवर नोंदलेलं कर्ज) अशा नोंदी कंसात घालून त्यावर आडवी रेघ मारलेली असते. पीडीएफमधला मजकूर कॉपी करून मॉडेलला दिला की रेघ गळून पडते, उरतो नुसता कंस. मग कधीच फिटलेलं सोसायटीचं कर्ज टिपणात ‘चालू बोजा’ म्हणून येतं आणि वारलेले आजोबा सहहिस्सेदार होतात. म्हणून मजकूर नको, पानाचं चित्रच द्या. ३०० डीपीआयला सरळ स्कॅन करा, मोबाईलवरचा तिरका फोटो नको. सूचनेत लिहा: कंसातली नोंद रद्द समजायची आणि अशा नोंदींची यादी वेगळी द्यायची.

क्षेत्राचं असं, की ०.४२.५० म्हणजे ० हेक्टर, ४२ आर, ५० चौरस मीटर. साधारण ४२ गुंठे, एकराच्या किंचित वर. मॉडेल कधी त्याचे ४२.५० हेक्टर करतं, कधी शेवटचे ५० गिळून टाकतं. हेक्टर, आर, चौरस मीटर असे तीन वेगळे रकाने मागा आणि सातबाऱ्यांची बेरीज त्याच खात्याच्या ८अ वरच्या एकूण क्षेत्राशी ताडून घ्या. आकडे इंग्रजी अंकांत मागवा. देवनागरी अंक एक्सेलमध्ये बहुधा मजकूर म्हणून बसतात आणि बेरीज शून्य येते.

आपल्याकडचा खरा घोळ हिश्शाचा आहे. एका गटावर चौदा नावं, क्षेत्र सामाईक. अर्जदाराचं नाव सापडलं की मॉडेल अख्खं क्षेत्र त्याच्या पदरात टाकतं. टोकलंत तर चौदाने भागून देतं, तेही चूक, कारण वारसांचे हिस्से पिढीनुसार पडतात, डोकी मोजून नाही. ‘अर्जदाराचा हिस्सा उताऱ्यावर नमूद नाही’ एवढंच त्याने लिहावं. पुढचं काम फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) आणि वाटपपत्र बघणाऱ्या माणसाचं.

आणखी एक अट घालाच. प्रत्येक उत्तरासमोर मूळ ओळ जशीच्या तशी आणि पान क्रमांक आला पाहिजे. नसेल तर ‘उताऱ्यात नाही’ असं लिहिण्याची मोकळीक द्या. ती दिली नाही तर रिकामा रकाना भरायला मॉडेल काहीतरी रचतं, आणि रचलेलं खऱ्याइतकंच नीटनेटकं दिसतं. तपासताना १ आणि ९ डोळ्यांनी बघा, जुन्या छपाईत त्यांची हमखास अदलाबदल होते. ‘प्रलंबित फेरफार’ असेल, तर तो निकाली निघेपर्यंत टिपण पुढे पाठवू नका.

जमाखर्च

कलमबाग यांच्याशी सहमत. बँकेच्या उताऱ्याबद्दल माझी भर.

तीस पानांचा उतारा एकदम देऊ नका. पान बदलतं तिथल्या ओळी सुटतात किंवा दोनदा येतात. एकेक पान देऊन तारीख, तपशील, नावे (खात्यातून गेलेली रक्कम), जमा, शिल्लक असा तक्ता काढा. मग एक्सेलमध्ये प्रत्येक ओळीला मागची शिल्लक अधिक जमा वजा नावे हे छापील शिल्लकेशी जुळवा. सुटलेली ओळ तिथल्या तिथे सापडते. ही एक तपासणी केलीत तरी बऱ्याच चुका पकडाल.

हप्त्याचा हिशेब मॉडेलला बिलकुल सांगू नका. ५ लाख, १२ टक्के, ६० महिने, घटत्या शिल्लकेवर हप्ता ११,१२२ रुपये येतो. सरळ व्याजाने धरला तर १३,३३३. मॉडेल दोन्ही पद्धती तितक्याच ठामपणे मांडतं, आणि तुम्ही पद्धत लिहिली नसेल तर कोणती धरली हे सांगेलच असं नाही. एक्सेलचं हप्ता काढायचं पीएमटी (PMT) सूत्र वापरा. बागायतदाराला मे महिन्यात वर्षाचा एकच हप्ता द्यायचा झाला तर हेच कर्ज पाच वर्षांत १,३८,७०५ रुपयांच्या हप्त्याने फिटतं.

उत्पन्नाची सरासरीही त्याच्याकडून घेऊ नका. नौकेच्या खात्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीमुळे जमा नसते. मॉडेल तिथे ‘उत्पन्नात अचानक घट, जोखीम जास्त’ असा शेरा मारतं. आंब्याचं उलट असतं. मार्च ते मे तीन महिने जमा आणि हिवाळाभर फवारणीचा खर्च. त्याला बारा महिन्यांनी भागलं की दर महिन्याला हप्ता झेपेल असं दिसतं, आणि ऑगस्टपासून थकायला लागतो. हंगामाचं वेळापत्रक सूचनेतच लिहून द्या. दलालाची उचल, म्हणजे मालाच्या बदल्यात त्याने आगाऊ दिलेले पैसे, उत्पन्नात धरली जाते, ही याहून मोठी चूक.

खाडीकाठ (रत्नागिरी)

धन्यवाद. उचल उताऱ्यावर ओळखायची कशी? आणि आमच्या एका संचालकांचं म्हणणं आहे की मॉडेलनेच प्रत्येक प्रकरणाला १०० पैकी गुण द्यावेत.

जमाखर्च

हंगामाआधी एकाच नावाने ५०,०००, १,००,००० अशा गोल रकमा जमा झाल्या असतील तर मॉडेलला त्या ‘संशयित उचल’ म्हणून वेगळ्या काढायला सांगा. मग मागच्या हंगामाच्या दलालाकडच्या हिशेबपट्ट्या मागवा. पट्टीवर पेट्या, भाव, कमिशन, हमाली, भाडं आणि वळती केलेली उचल असते. ढोबळ विक्री तिथूनच कळते, बँकेत उतरलेली रक्कम वजावटीनंतरची. हाताने लिहिलेल्या पट्ट्या मॉडेल फार वाईट वाचतं, त्या टाइप करून घ्या.

फेरतपास

गुणांच्या बाबतीत संचालकांना एक चाचणी करून दाखवा. तेच प्रकरण पाच वेगळ्या नव्या संभाषणांत द्या. नंतर आकडे तसेच ठेवून फक्त आडनाव आणि वाडी बदला. गुण हलले तर त्या आकड्याला बूड नाही, आणि कर्ज नाकारलेल्या माणसाला कारण म्हणून तो सांगता येणार नाही. भाषेचं मॉडेल परतफेडीच्या नोंदींवर घडवलेलं गुणांकन नव्हे. नियम तुमच्या कर्ज धोरणातून घ्या, आकडे एक्सेलमधून, निर्णय समितीचा.

कागद बाहेर पाठवण्याआधी आधारचे पहिले आठ अंक, पॅन, खाते क्रमांक, मोबाईल झाका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये दंड २५० कोटींपर्यंत आहे, आणि दंड नसता तरी सभासदाने विश्वासाने दिलेला कागद आहे तो. फुकटच्या खात्यावर तर टाकूच नका, तिथला मजकूर प्रशिक्षणाला वापरला जाऊ शकतो. मजकूर बाहेर जाऊच द्यायचा नसेल तर ८ अब्ज पॅरामीटरचं (हे मॉडेलच्या आकाराचं माप) खुलं मॉडेल, ४ बिटवर आणलेलं म्हणजे दाबून लहान केलेलं, आपल्याच संगणकातल्या ८ जीबीच्या ग्राफिक्स कार्डवर चालतं. पण एवढी छोटी मॉडेलं महसुली मराठीत अडखळतात. त्यांना बँक उताऱ्यांचं काम द्या, सातबाऱ्याचं नको.

सुरू करण्याआधी निकाल लागलेली ३० जुनी प्रकरणं घ्या, त्यात दहा तरी सामाईक क्षेत्राची. रकानावार किती चुका आल्या ते लिहून ठेवा. प्रत्येक टिपणाखाली मॉडेलचं नाव, आवृत्ती, तारीख आणि तपासणाऱ्याची सही असू द्या. आवृत्ती बदलली की तीच ३० प्रकरणं पुन्हा चालवा, तोवर नवी आवृत्ती कामाला लावू नका.