मदत हवी आहे: तंबूत खाटेवर झोपल्यावर पाठ गार पडते, काय करू?

त्रिमूर्तीनगरवाला
शुक्रवारी निघायचंय, म्हणून घाईत विचारतोय. तंबूत घडीची खाट टाकून झोपायचं आहे. काल इथे नागपुरात गच्चीवर करून पाहिलं. अंगावर दोन ब्लँकेटं होती, तरी पहाटे पाठ आणि कंबर गार पडली. वरून घाम आणि खालून थंडी असा प्रकार. आता तिसरं ब्लँकेट घेऊ की महागातली स्लीपिंग बॅग? लवकर सांगा. आणि जमिनीवर झोपा, असं कृपया कोणी सांगू नका.

बर्डीचा_भाऊ
कुठं जाऊन राहिले भाऊ? चिखलदरा असेल तर गोष्ट वेगळी, रामटेक असेल तर वेगळी. खाट कोणती, नवारीची की कापडी? तंबू केवढा? काहीच सांगितलं नाही तुम्ही.

दादरकर
नागपुरात थंडी? आम्ही तर नागपूर म्हणजे ऊनच ऐकून आहोत. एक चादर पुरे.

बर्डीचा_भाऊ
@दादरकर २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. शहरात. शेतात आणि जंगलाच्या कडेला त्याहून गार असते. चादर तुमच्याजवळच ठेवा.

पेंचवाली
तिसरं ब्लँकेट अंगावर घेऊन काही होणार नाही, थंडी खालून येतेय. घडीच्या खाटेचं कापड पातळ असतं आणि त्याखालून सारखी हवा खेळते, ती पाठीची ऊब घेऊन जाते. ब्लँकेट असो की स्लीपिंग बॅग, ऊब धरते ती त्यात फुगून राहिलेली हवा. अंगाखाली तो भाग दाबला जातो, कमरेखाली तर पार चपटा होतो. म्हणून आधी खाली काहीतरी न दबणारं अंथरा, मग पांघरुणाचं बघा.

धानपट्टा
एवढा खर्च कशाला? आमच्या भंडाऱ्याकडे शेतावर राखणीला जाणारे तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर झोपतात. हातभर तणस, त्यावर गोणपाट, त्यावर गोधडी. खाट पाहिजेच कशाला? जमिनीवर तणस टाकलं तर पहाटे घाम येते. मी स्वतः झोपलेलो आहे.

पेंचवाली
@धानपट्टा तणसाची ऊब खरी आहे, पण त्यांनी जमिनीवर नको म्हटलंय. आणि तंबूत हातभर तणस आणि जवळ शेकोटी, ही जोडी मला नको वाटते. एक ठिणगी पुरते.

धानपट्टा
शेकोटी तंबूपासून लांब करावी ना मग. तणसाला काहून दोष देता? आणि जमिनीवर का नको, ते तर कळू द्या.

त्रिमूर्तीनगरवाला
अहो, बाबा सोबत आहेत. वय ६८, गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जमिनीवरून त्यांना उठता येत नाही, रात्री दोनदा तरी उठावं लागतं. म्हणून खाट. खाट ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, वर नायलॉनचं कापड. तंबू चार माणसांचा. देवलापारजवळ मामांचं शेत आहे, तिथे दोन रात्री. आता सांगा.

बर्डीचा_भाऊ
हे पहिल्याच पोस्टमध्ये पाहिजे होतं ना राजेहो! सगळं उत्तरच बदलते.

अंबाझरी_वॉकर
मग सोपं आहे. खाटेवर हवा भरायची गादी टाका. माझ्याकडे आहे, पाच मिनिटांत फुगते, मऊ लागते. बाबा खूश होतील.

जुना_भटक्या
@अंबाझरी_वॉकर उन्हाळ्यात ठीक आहे, डिसेंबरात नाही. साध्या हवेच्या गादीत आत मोकळी हवा असते आणि ती फिरत राहते. पाठीची ऊब वरून घेते, खाली सोडून देते. गारच लागणार.

अंबाझरी_वॉकर
मी वापरली आहे म्हणून सांगतोय. मला तर कधी गार लागली नाही.

जुना_भटक्या
कोणत्या महिन्यात? तेच तर विचारतोय.

त्रिमूर्तीनगरवाला, तुमच्यासाठी बंद पेशींचा फोम, म्हणजे योगा मॅटसारखा पण जाड. १० मिलिमीटरचे दोन थर टाका. थरांची ऊब एकमेकांत मिळवली जाते, हे पक्कं. अंगठ्याने दाबून बघा, लगेच चपटा होतो तो स्पंज नको, तो ओलही धरतो. फोम खाटेच्या रुंदीएवढाच कापून घ्या, नाहीतर कडा लोंबून कुशीवर वळताना घसरतो. नायलॉनवर फोम निसरतोच, म्हणून मध्ये गोणपाट किंवा जुनी सतरंजी घाला आणि दोन जागी पट्ट्याने खाटेला बांधा. वर एक लोकरीचं ब्लँकेट अंथरायला, बाकीची पांघरायला. खाटेखाली बॅगा रचून ठेवा, त्याने खालचा वारा अडतो.

स्लीपिंग बॅग घेणारच असाल तर लेबलवर ‘कम्फर्ट’चा आकडा बघा, म्हणजे किती अंशांपर्यंत आरामात झोपता येतं तो. ‘लिमिट’चा आकडा त्याहून खालचा असतो, दुकानदार तोच दाखवतात. ‘एक्स्ट्रीम’ तर बघूच नका. आणि हे आकडे खाली मॅट धरूनच काढलेले असतात. म्हणजे नुसत्या खाटेवर ती बॅगही उघडीच पडते.

कोराडी_रोड
फोमबिम कशाला, झोपायच्या आधी घमेल्यात निखारे घेऊन तंबूत ठेवा. अर्ध्या तासात तंबू गरम. आमच्या गावी घरात शेगडी ठेवूनच झोपतात.

सिस्टर_सदर
हे कृपया करू नका. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. नायलॉनच्या बंद तंबूत तर धोका फारच मोठा. निखारे, शेगडी, गॅसचा हीटर, काहीही आत नको. शेकायचं असेल तर बाहेर बसून शेका.

कोराडी_रोड
आमच्या घरात इतकी वर्षं ठेवतात, काही झालं नाही.

सिस्टर_सदर
कवेलूच्या घराला वरून फटी असतात. तरीही बंद खोलीत शेगडी ठेवून माणसं गेल्याची उदाहरणं आहेत. ६८ वर्षांच्या माणसाबाबत ‘काही झालं नाही’ हा हिशोब मला मान्य नाही. @त्रिमूर्तीनगरवाला, बाबांना शुगर आहे का?

गोंदियाची_लेक
देवलापारजवळ जाताय तर पेंचच्या सिल्लारी गेटची सफारी कशी बुक करायची, कोणी सांगेल का? आम्ही जानेवारीत येतोय.

बर्डीचा_भाऊ
ताई, वेगळा धागा काढा, तिथे सांगतो सगळं. इथे बाबांच्या थंडीचं चालू आहे.

त्रिमूर्तीनगरवाला
हो, शुगर आहे. गोळ्या चालू आहेत. का विचारलं?

सिस्टर_सदर
गरम पाण्याची पिशवी न्यायचा विचार असेल म्हणून. शुगरवाल्यांचे पाय कधी कधी बधिर असतात, चटका लागला तरी कळत नाही. पिशवी अंथरुणात आधी ठेवा, अंथरूण उबलं की बाबा झोपायच्या वेळी काढून घ्या. पायाला लावून झोपू देऊ नका. कोरडे मोजे, कानटोपी. संध्याकाळच्या घामेजल्या कपड्यांत झोपू नये. आणि तोंड पांघरुणात खुपसू नये, श्वासाची ओल आत साठते.

पेंचवाली
तंबू नाल्याच्या काठी किंवा शेतातल्या सखल जागी नको, रात्री गार हवा तिथेच उतरून बसते. बांधावर थोडी उंच जागा बघा, झाडाखाली असेल तर दव कमी पडतं. आणि तंबूची वरची खिडकी थोडी उघडी ठेवा. बंद केली की आतून पाणी सुटतं. खाट उंच असल्याने अंथरूण तंबूच्या तिरक्या भिंतीला टेकतं आणि तिथे ओलं होतं. खाट मधोमध लावा. खाण्याचं काही आत ठेवू नका, तो भाग जंगलाला लागून आहे.

धानपट्टा
मामांच्या शेतावर तणस असेलच. फोमखाली थोडं टाकून बघा, मी तरी सांगणारच.

त्रिमूर्तीनगरवाला
सगळ्यांचे आभार. काल इतवारीतून फोम आणला, दोन थर, मध्ये गोणपाट, पट्ट्याने बांधला. रात्री गच्चीवर झोपलो, पाठ अजिबात गार पडली नाही, उलट एक ब्लँकेट काढावं लागलं. सकाळी बाबांना झोपवून बघितलं. फोममुळे खाट थोडी उंच झाली, तर त्यांना उठायला आधीपेक्षा सोपं जातंय, हे लक्षातच आलं नव्हतं. एकच राहिलं: खाटेचे पाय तंबूचा तळ फाडतील का?

जुना_भटक्या
फाडू शकतात, विशेषतः खाली मुरूम असेल तर. प्रत्येक पायाखाली तळहाताएवढा प्लायवूडचा तुकडा घाला, कडा घासून घ्या. बाबांना झोपवण्याआधी तुम्ही स्वतः खाटेवर बसून हलवून बघा, एखादा पाय खचत असेल तर तेव्हाच कळतं.