‘मजबुतीकरण’ की ‘दृढीकरण’?

अनुवादक: किडीने पोखरलेल्या एका लाकडी मूर्तीच्या संवर्धनाचा अहवाल मराठीत आणताना मी ‘कन्सॉलिडेशन’साठी ‘मजबुतीकरण’ लिहिले आणि संवर्धकांनी ते खोडले. भुसभुशीत लाकडात बहुवारिकाचे (पॉलिमरचे) पातळ द्रावण मुरवून सुटे कण एकमेकांशी बांधले जातात, एवढेच त्यांना सांगायचे आहे. मूर्ती आता भार पेलेल, असा समज होता कामा नये. मग कोणता शब्द वापरावा?

शब्दनिष्ठ: ‘दृढीकरण’ वापरावा. ‘मजबूत’ अरबीतून फारसीमार्गे आलेला. त्याला ‘करण’ जोडलेले मला नेहमीच खटकते. शिवाय त्या द्रव्याला ‘दृढक’ म्हणता येते.

सुताराची नात: शब्द कुठून आला यावरून तो बाद करणे मला पटत नाही. आमचे आजोबा लाकडाला तेल ‘पाजत’ असत. जे लाकूड आपणहून ओढून घेते, त्यासाठी ‘पाजणे’ इतके नेमके क्रियापद असताना संस्कृतकडे धाव कशाला?

संवर्धक: आपला शब्द सुंदर आहे, पण तो अर्ध्याच कामाचा आहे. ॲसिटोन या द्रावकात विरघळवलेल्या ‘पॅरालॉइड बी-७२’ या ॲक्रिलिक बहुवारिकाचा थेंब कुंचल्याने किडीच्या छिद्रावर टेकवला, की तो आत ओढला जातो आणि बारीक बुडबुडे वर येतात, इथवर ‘पाजणे’ चपखल बसते. खरी कसोटी पुढे असते. द्रावक भराभर उडाला तर बहुवारिक त्याच्यासोबत पृष्ठभागाकडे परत येते, वर चकाकी धरते आणि आतला भाग तसाच पोचट राहतो. म्हणून वस्तू झाकून सावकाश वाळवावी लागते. कण बांधले जातात ते या वाळण्यात.

शब्दनिष्ठ: आणि पाण्यात बुडालेल्या लाकडाचे काय? स्वीडनचे ‘वासा’ जहाज १६२८ साली बुडाले, १९६१ साली वर काढले गेले आणि १९६२ ते १९७९ अशी सतरा वर्षे त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पाण्यात विरघळणाऱ्या मेणासारख्या पदार्थाचे फवारे मारले गेले. तिथे पाण्याची जागा दुसऱ्या पदार्थाने घेतली, जेणेकरून वाळताना पेशी चेपू नयेत. त्याला मी ‘भरण’ म्हणेन.

अनुवादक: अहवालात ‘रिव्हर्सिबल’ही आहे, म्हणजे केलेला उपचार पुन्हा काढून टाकता येईल असा. तिथे ‘प्रत्यावर्ती’ चालेल का?

संवर्धक: कृपया लिहू नका. बी-७२ पुन्हा विरघळते हे खरे, परंतु जीर्ण लाकडाच्या गाभ्यात मुरलेले सगळे बाहेर काढता येत नाही, आणि काढू गेल्यास लाकूडच ढासळण्याची भीती असते. ‘पुढे पुन्हा उपचार करता येतील असे’ हे लांबलचक वाटले तरी प्रामाणिक आहे.

सुताराची नात: मूळ शब्दाचे मात्र राहूनच गेले. ‘मजबूत’वर जो आक्षेप घेतला तो ‘दृढ’वरही येतो, कारण दृढ पाया म्हणजे भार पेलणारा पायाच ना?