आपल्या माणसाला झुकतं माप : यात वंशभेद कुठे आला?

जर्सीकर : इथे काल कोणी लिहिलं की आपल्या माणसाला आधी घेणं हा जिव्हाळा, त्यात कुणाचा द्वेष नसतो. राहवत नाही म्हणून लिहितोय. द्वेष लागतच नाही हो! मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल पोलिश ज्यू, घरची माणसं नाझींनी मारलेली. १९७० साली त्याचा प्रयोग छापून आला. ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना क्लेची चित्रं आवडणारे आणि कँडिन्स्कीची आवडणारे, असं सांगून दोन गटांत वाटलं. ना ओळख, ना वैर. तरी पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला जास्त दिले. आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण समोरच्यांपेक्षा जास्त हवेत, इथवर मजल गेली.

घाटावरचा : चित्रांवरून थेट वंशावर उडी? आणि मनातला छुपा पक्षपात मोजणारी ती १९९८ ची संगणकावर कळा दाबायची चाचणी, ती मी दोनदा दिली: सोमवारी मी पक्षपाती, गुरुवारी निर्दोष. असल्या काट्यावर माणूस तोलणार?

जर्सीकर : चाचणी डळमळते, मान्य. मग बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन या अर्थतज्ज्ञांचे २००४ चे आकडे बघा. बॉस्टन-शिकागोत नोकरीसाठी सुमारे ५,००० अर्ज धाडले, नावं तेवढी मनानं घातलेली. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला १० अर्जांमागे एक बोलावणं, काळ्या वाटणाऱ्या नावाला १५ मागे.

अटलांटाची माई : अर्जांचं राहू द्या. आम्ही घराचं तळघर भाड्यानं देणार होतो. एक काळी नर्स आली, कागद चोख. हे म्हणाले, "आपलं कोणी मिळेल." दोन महिने जागा रिकामी राहिली. मी गप्प बसले.

घाटावरचा : स्वतःचं घर, स्वतःची मर्जी. मालक तिथेच राहत असेल तर घरं देताना भेदभाव करायला बंदी घालणारा अमेरिकेतला १९६८ चा कायदा चार बिऱ्हाडांपर्यंत सूट देतो. उगाच अपराधी वाटून घेऊ नका.

जर्सीकर : अर्धवट सांगू नका! वंशावरून नाकारायला १८६६ चा नागरी हक्क कायदा आडवा येतो, त्यात ही सूट नाही. सुप्रीम कोर्टानं जोन्स खटल्यात १९६८ मध्येच ते स्पष्ट केलंय.

मिरजवाला : कायदे कसले काढता? पुण्यात आडनाव ऐकून मला तीन घरमालकांनी "जागा गेली" म्हणून सांगितलं. त्याला जिव्हाळा म्हणता? लाज वाटू द्या.

घाटावरचा : आवाज चढवू नका. तुमच्यावर अन्यायच झाला. अर्जांचे आकडेही मला खोडता येत नाहीत, तेवढं कबूल. पण गावाकडचा पोरगा परदेशात आला तर आधी त्याला जागा दिली, हा गुन्हा मी मानणार नाही.

अटलांटाची माई : गावाकडचा पोरगा दारात नव्हता, भाऊ. दारात ती होती. आणि मीही तिला हेच सांगितलं, जागा गेली म्हणून.