मदत हवी आहे: वेताळ, ध्रुव, डोगा, चाचा चौधरी... एकाच चित्रपटविश्वात कोणाकोणाला घ्यावं?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीची. आमच्या वाचनालयाच्या उन्हाळी शिबिरात यंदा आठवी-नववीच्या मुलांचा गट माझ्याकडे आहे. या मुलांना मार्व्हल तोंडपाठ आहे. कोण कोणाचा भाऊ, कोण कोणत्या सिनेमात पहिल्यांदा दिसला, झोपेतून उठवून विचारा. त्यांच्याशी बोलता बोलता ठरलं की आपल्याकडे घरोघरी वाचल्या गेलेल्या कॉमिक्समधले नायक घ्यायचे आणि त्यांचं एक सामाईक चित्रपटविश्व कागदावर उभं करायचं. प्रत्येक नायकाचं एक पोस्टर, त्याच्या सिनेमाची पानभर गोष्ट, आणि शेवटी सगळे एकत्र येतात त्या सिनेमाची मोठी गोष्ट. शिबिराच्या शेवटच्या दिवशी वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन. भिंत लहान आहे, पोस्टरं सहाच मावतात.

तर प्रश्न हा की ते सहा कोण?

आतापर्यंतची नावं अशी: इंद्रजाल कॉमिक्समधले वेताळ, जादूगार मँड्रेक आणि बहादूर; हिंदी राज कॉमिक्समधले नागराज, सुपर कमांडो ध्रुव, डोगा आणि परमाणू; आणि चाचा चौधरी व त्यांचा धिप्पाड साथीदार साबू. पालकांपैकी काहींनी शक्तिमानसाठी खूप आग्रह धरला. पण तो 1997 साली दूरदर्शनवर जन्मला, कॉमिक्समध्ये नाही. म्हणून त्याला बाजूला ठेवलं. एवढा एकच नियम आम्ही पक्का केलाय: नायक आधी छापील पानावर आलेला हवा.

पहिल्याच दिवशी मुलांनी मतदान घेतलं. सगळ्यात जास्त मतं नागराज आणि डोगाला, बहादूरला एकही नाही, कारण मुलांनी त्याचं नावच ऐकलेलं नव्हतं. मला मतदानाने नायक निवडणं पटत नाही. मुलांना मी मार्व्हलचंच उदाहरण दिलं. 2008 मध्ये त्यांनी सुरुवात केली तेव्हा त्यांच्या घरचे सगळ्यात लाडके नायक त्यांच्या हातात नव्हतेच. स्पायडरमॅनचे चित्रपटहक्क सोनीकडे, एक्स-मेनचे फॉक्सकडे. उरलेल्यांतून आयर्न मॅन उचलला आणि त्याच्यावर सगळा डोलारा उभा केला. स्पायडरमॅन त्या विश्वात आला तो 2015 च्या करारानंतर, 2016 मध्ये. आणि 2014 साली एक बोलणारा रकून आणि एक चालतं झाड घेऊन केलेला ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ जगभर चालला, तेव्हा त्या दोघांची नावं कॉमिक्सवेड्यांच्या बाहेर कोणाला माहीत होती?

माझी कसोटी वेगळी आहे. हा नायक दुसऱ्याच्या शेजारी उभा राहिला तर त्याचं स्वतःचं काही शिल्लक राहतं का? आणि त्याच्यामुळे दुसऱ्याचं काही मोडतं का?

वेताळाचंच घ्या. मी त्याच्यावर जीव लावून वाढले, म्हणून त्याच्यावरच सगळ्यात जास्त अडले आहे. 1936 साली ली फॉकने त्याला जन्म दिला. आपल्याकडे टाइम्स ऑफ इंडियाच्या इंद्रजाल कॉमिक्समधून 1964 पासून तो आला, आणि मराठी अंक आमच्या घरी थप्पीने असायचे. या माणसाकडे कसलीही दैवी शक्ती नाही. त्याची सगळी ताकद एका समजुतीत आहे: तो मरत नाही. खरं तर 1536 पासून बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, कवटीवर हात ठेवून तीच शपथ घेतो, आणि जंगलाला वाटतं चारशे वर्षं एकच माणूस फिरतोय. आपला वेताळ एकविसावा. त्याच्या दोन अंगठ्या आठवतात? एकीने ठोसा बसला की जबड्यावर कवटीची खूण उमटते ती कायमची, आणि दुसरीची खूण ज्याच्या दारावर असेल त्याच्या वाटेला कोणी जात नाही. म्हणजे हा माणूस बंदुकीपेक्षा खुणेवर राज्य करतो. आता त्याच्या शेजारी नागराज उभा करा. रक्तात साप, तोंडातून विषारी फुंकार, जखमा आपोआप भरून येतात. अशा माणसासमोर ‘मी मरत नाही’ या अफवेला किंमत काय राहिली? वेताळ एकदम जांभळे कपडे घातलेला एक घोडेस्वार होऊन बसतो. मला ते बघवणार नाही.

मँड्रेकची अडचण उलटी. त्याने हात हलवला की समोरच्याला भास होतात. मुलं पहिल्याच गोष्टीत विचारणार, “मग खलनायकालाच भुलवून का टाकत नाही?” याला माझ्याकडे उत्तर नाही. मँड्रेक मला फार आवडतो, पण माझ्या मते तो बाहेर.

डोगाबद्दल पालकांची कुरबुर आहे. कुत्र्याचा मुखवटा, हातात बंदूक, गुन्हेगाराला पोलिसांच्या हवाली करण्याची भानगडच नाही. ध्रुव याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. तो सर्कशीत वाढलेला, शक्ती काही नाही, मोटरसायकल आणि डोकं यांच्यावर चालणारा, आणि जीव घेणं त्याला मंजूर नाही. हे दोघे एका खोलीत बसतील कशाला?

आणि शेवटचं, सगळ्यांना बांधणारा कोण? आम्ही विष्णुदास भाव्यांच्या गावचे, 1843 मध्ये इथेच ‘सीता स्वयंवर’ झालं, त्यामुळे मुलांना सूत्रधार ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. मार्व्हलमध्ये ते काम निक फ्युरी करतो. आपल्याकडे ते कोणाला द्यायचं?

एक वेगळी मदतही हवी आहे. आमच्या घरचे इंद्रजालचे मराठी अंक 2019 च्या पुरात गेले. जे राहिले त्यांची पानं एकमेकांना चिकटून बसली आहेत, सोडवायला गेलं की चित्राचा पापुद्रा दुसऱ्या पानावर निघून येतो. बहादूरचा एकही धड अंक उरलेला नाही. आसपास कोणाकडे असतील तर मुलांना फक्त बघायला मिळाले तरी पुष्कळ. घेऊन जाणार नाही, तुमच्यासमोर बसून बघू.

प्रतिसाद: जुना वाचक, मिरज

ताई, वेताळाबद्दलची तुमची शंका अगदी बरोबर आहे, आणि तसं एकदा होऊनही गेलंय. 1986 मध्ये अमेरिकेत ‘डिफेंडर्स ऑफ द अर्थ’ नावाची कार्टून मालिका आली. फ्लॅश गॉर्डन, वेताळ, मँड्रेक आणि त्याचा साथीदार लोथार असे सगळे एकत्र, समोर खलनायक मिंग. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच सामाईक विश्व. त्यात वेताळ इतरांपुढे फिका पडेल म्हणून त्याला मंत्र म्हणून दहा वाघांचं बळ मिळतं असं दाखवलं. झालं, तिथेच त्याच्यातला वेताळ संपला. तुमच्या मुलांनी हे मात्र करू नये. त्याला घ्यायचंच असेल तर त्याचं गुपित हाच त्याच्या सिनेमाचा विषय ठेवा.

अंकांचं म्हणाल तर माझ्याकडे बहादूरचे तीन-चार आहेत, कोपरे कुरतडलेले पण वाचता येतात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता आहात ना? मिरजेहून आणून देतो, मुलांसमोर बसायला मलाही आवडेल.

प्रतिसाद: इस्लामपूरचा

डोगाला काढू नका, कृपया. मी हिंदी राज कॉमिक्सवर वाढलोय, एसटी स्टँडजवळच्या दुकानात भाड्याने मिळायची. डोगा म्हणजे नुसता गोळ्या झाडणारा माणूस नव्हे. तो कचऱ्याच्या ढिगात सापडलेला पोर, एका डाकूने उचलून नेलेला, आणि त्या डाकूने त्याला माणसासारखं कधी वागवलंच नाही. कुत्र्यांनी त्याला जास्त माया दिली. आठवी-नववीच्या मुलांना हे कळतं. आपण समजतो त्याच्यापेक्षा जास्त कळतं.

आता बहादूर आठवा. आबिद सुरतींनी 1976 मध्ये इंद्रजालसाठी लिहिलेला, भगवा कुर्ता आणि जीन्स घालणारा. त्याचाही बाप डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेला. आणि तरी तो पोलिसांच्या बरोबरीने डाकूंच्या विरोधात उभा राहतो, गावकऱ्यांना एकत्र करून दल उभं करतो. म्हणजे एकाच सावलीतून निघालेली दोन माणसं, एकाने बंदूक धरली, दुसऱ्याने गाव धरलं. डोगाशी बोलायला ध्रुव कशाला पाठवता? बहादूरला पाठवा. तोच एक माणूस आहे ज्याचं डोगा ऐकून घेईल. मतदानात शून्य मतं पडलेला नायकच तुमच्या गोष्टीचा सांधा आहे.

प्रतिसाद: हरभट रोड

वरच्या प्रतिसादाला जोडून. डाकूंचाच धागा धरायचा तर खलनायक तयार आहे की. चाचा चौधरीमधला राका! वैद्य चक्रमाचार्यांचं औषध पिऊन अमर झालेला डाकू. त्याला मारता येत नाही, चाचा दरवेळी त्याला युक्तीने कुठेतरी अडकवतात. म्हणजे डोगाची बंदूक पहिल्याच सिनेमात निकामी. नागराजचं विषही. ज्यांची ताकद मारण्यात आहे ते सगळे एका बाजूला, आणि ज्यांची ताकद डोक्यात आहे ते कामाचे.

आणि वेताळ? खरोखर न मरणारा डाकू विरुद्ध न मरण्याचं नाटक चारशे वर्षं निभावणारं घराणं. राकाला वाटतंय की आपल्यासारखा अमर आणखी एक आहे, आणि तो त्याला भेटायला निघालाय. हा सिनेमा मी पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला बघेन.

प्रतिसाद: कॉलेजात शिकते, सांगली

मी बहुतेक या धाग्यावरची सगळ्यात लहान. मार्व्हल-डीसी दोन्ही बघते. एक सांगावंसं वाटतं: आधी एकेकट्याची गोष्ट नीट होऊ द्या. डीसीने 2017 मध्ये जस्टिस लीग काढला तेव्हा फ्लॅश, सायबॉर्ग आणि अॅक्वामॅन यांचे स्वतःचे सिनेमे आलेच नव्हते. त्यामुळे तिघांची ओळख आणि जगावरचं संकट हे सगळं एकाच सिनेमात कोंबावं लागलं. मार्व्हलने 2012 च्या ‘अॅव्हेंजर्स’च्या आधी चार वर्षं त्यात घालवली. तुमच्या शिबिरातही पोस्टरं आधी, मोठी गोष्ट नंतर, हा क्रम सोडू नका.

आणि ‘अॅव्हेंजर्स’मधला हॉकआय लक्षात ठेवा. एका बाजूला थॉर, दुसऱ्या बाजूला हल्क, आणि मध्ये धनुष्यबाण घेतलेला साधा माणूस. तरी त्याला उंचावर बसून सगळ्यांना दिशा सांगायचं काम दिलं, म्हणून तो तिथे शोभला. ध्रुवला असं काहीतरी द्या. त्याला प्राणी-पक्ष्यांची भाषा येते ना? वेताळाचा लांडगा डेव्हिल, डोगाचे कुत्रे, चाचांचा रॉकेट. सगळ्यांकडे कुत्र्याच्या जातीचं कोणी ना कोणी आहे. माणसं एकमेकांवर विश्वास ठेवायच्या आधी जनावरं ठेवतील, आणि ते कळणारा एकटा ध्रुव असेल.

धागाकर्ती

तुम्ही सगळ्यांनी फारच मनापासून लिहिलंत. हे प्रतिसाद मी आज मुलांना मोठ्याने वाचून दाखवले. राका आणि वेताळाचं ऐकल्यावर वर्गात जो आरडाओरडा झाला, तो बाजूच्या वाचनकक्षातल्या मंडळींना ऐकू गेला असणार.

आता जे ठरलंय ते सांगते. वेताळ आत, दहा वाघ नाहीत, मंत्र नाहीत. गटातल्या एका मुलीने सुचवलं की वेताळाचं गुपित फक्त चाचा चौधरी ओळखतात, त्याच्या हातावरची अंगठी सैल बसते आहे एवढं बघून. आधीच्या वेताळाचं बोट जाड होतं. पण चाचा ते कोणालाच सांगत नाहीत, साबूलासुद्धा नाही. ही मुलगी एरवी गटात फार बोलत नाही. मला तर यापुढे सूत्रधार शोधायची गरजच वाटत नाही. व्यंगचित्रकार प्राण यांनी 1971 मध्ये लोटपोट या मुलांच्या हिंदी नियतकालिकासाठी काढलेला हा लाल पागोट्याचा म्हातारा सगळ्यांच्या घरी जाऊन चहा पिऊ शकतो, डोगाच्याही.

बहादूर आत. मुलांनी स्वतःहून पुन्हा मतदान मागितलं. त्याचं पोस्टर करायला दोघांत भांडण लागलंय. डोगाही आत, पण पालकांशी बोलून. त्याच्या पोस्टरवर बंदूक नसेल, कुत्री असतील. ध्रुव तर आहेच. मँड्रेक आणि परमाणू बाहेर राहिले. मँड्रेकसाठी कोणाला भांडायचं असेल तर अजून वेळ आहे.

म्हणजे पाच झाले: वेताळ, चाचा चौधरी, बहादूर, डोगा, ध्रुव. सहाव्या जागेवर गट दुभंगलाय. निम्मे म्हणतात नागराज, कारण प्रोफेसर नागमणीने त्याला हत्यार म्हणून घडवलं आणि तो त्यातून सुटला, तेव्हा डाकूंच्या घरात वाढलेल्यांच्या या टोळीत त्याची जागा आहे. निम्मे म्हणतात साबू, कारण गुरू ग्रहावरून आलेला आणि चाचीच्या हातच्या पराठ्यांसाठी इथे राहिलेला माणूस विश्व मोठं आहे हे एका पोस्टरमध्ये सांगून टाकतो. दोघांनाही घेतलं तर ताकदीचं पारडं फार जड होतं, वेताळ आणि बहादूर झाकले जातात. मी स्वतः साबूकडे झुकते आहे, पण नागराजच्या बाजूचा मुद्दा मला खोडता आलेला नाही.

यावर कारणासकट मत द्या. नुसतं +१ नको, मुलं कारण विचारतात. आणि मिरजकर, व्यनि केलाय. शनिवारी सकाळी चालेल का? मुलं दहाला येतात.