जुनी पत्रं : लॅमिनेशन करावं का? वंशावळीसाठी काय टिपून ठेवावं?

कृष्णाकाठ, सांगली
आजोबांच्या ट्रंकेत १९४० ते १९७० मधली दीडशेक पत्रं आहेत. पोस्टकार्डं, निळी आंतर्देशीय, थोडी मोडीतली. टाचण्या गंजल्यात, घड्यांवर कागद फाटलाय. झेरॉक्सवाले लॅमिनेशन सुचवतात. भावकीत प्रती वाटायच्या आहेत, वंशावळही लिहायची आहे. सुरुवात कशी करावी?

बासन
लॅमिनेशन मुळीच नको. गरम प्लास्टिकचा थर कागदात मुरतो, पुन्हा सुटत नाही. सेलोटेपही नको. त्याचा चिकटा पिवळा पडून अक्षरांवर पसरतो.

टाचणी ओढू नका, गंजाला चिकटलेला कागद सोबत येतो. दोन्ही बाजूंनी पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवा, गंज सुटला की टाचणी आली तशी मागे घ्या. घड्यांवर इस्त्री फिरवू नका. पत्र उलगडून दोन टीपकागदांत ठेवा, वर जाड पुस्तकं, आठवडाभर. ओला बोळा कुठेच लावू नका. बोरूची काजळी शाई उन्हाने उडत नाही, पण पाण्याने पसरते. फाउंटन पेनची निळी शाई तर दोन्हींनी जाते.

नंतर खळ धुऊन काढलेल्या मांजरपाटात बांधा. वेखंडाची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवा, कागदाला टेकवू नका, डाग पडतो. आणि सांगलीत २००५, २०१९, २०२१ चे पूर पाहता ट्रंक वरच्या मजल्यावरच हवी. भिजून चिकटलेला गठ्ठा सोडवत बसू नका. दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका आणि जाणकाराला गाठा.

पेन्सिल२बी
आधी मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक घाला. पाकीट आणि पत्र एकाच क्रमांकाचं. स्कॅन सपाट काचेच्या स्कॅनरवर, ६०० डीपीआय, रंगीत. मोबाइल ॲपचं 'काळं-पांढरं' बंद ठेवा, फिकट पेन्सिल त्यात पुसली जाते. कोरी वाटणारी बाजूही घ्या, शिक्का तिथेच असतो. मूळ फाइल टिफमध्ये ठेवा, नातेवाइकांना जेपीजी द्या.

शके-सन
तारीख नसेल तर पत्ता वाचा. 'जि. दक्षिण सातारा' असेल तर पत्र १९४९ ते १९६० मधलं, कारण आजच्या सांगली जिल्ह्याचं तेव्हा तेच नाव होतं. पिनकोड दिसला तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. म्हणजे शके १८७२ चा श्रावण १९५० मधला, पण माघ १९५१ चा.

मायना तर वंशावळीचा खजिना आहे. एका पत्रात 'सौ.' आणि पुढच्यात तीच बाई 'गं. भा.' असेल, तर यजमान या दोन तारखांमध्ये गेले. 'तीर्थरूप' म्हणजे वडीलच असं मात्र धरू नका, काकांनाही तसंच लिहीत. 'अण्णा', 'आबा' यांची खरी नावं हयात थोरल्यांकडून आत्ताच लिहून घ्या.

वाटण्याआधी एक पाहा. कागद तुमचा असला तरी मजकूर छापायचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्यांच्या पश्चात वारसांचा. कर्ज, आजार, मोडलेली सोयरीक यांबद्दलची पत्रं भावकीच्या ग्रुपवर टाकण्याआधी त्या घराला विचारा.

आणि मृत्यूची तारीख पत्रांत सापडली नाही तर पत्र हरवलं असं समजू नका. मृत्यू कळवणारी कार्डं वाचून लगेच फाडून टाकायची रीत होती. तारीख गावकामगारांच्या जन्म-मृत्यू नोंदीत शोधा.